हात वर केला की बाहेर काढ

दादा बुडायला निघाला, आणि टॉवेल धरायला धाकट्याला सोबत जावं लागलं.

बुडायला म्हणजे खरोखर नव्हे. खरोखर काही करायची दादाला सवयच नव्हती. दादा लेखक होता. घरात एक लेखक निघाला की बाकीच्यांना काय काय भोगावं लागतं, हे कुठल्या पुस्तकात छापून येत नाही, कारण पुस्तकंही तोच लिहितो. दादा लिहायला बसला की वहिनीने भांडी आवाज न करता घासायची, पुतणीने मांजरासारखं चालायचं, दाराची बेल बंद. आणि त्याला एखादं बक्षीस मिळालं की धाकट्याने ते मानपत्र फुकटात फ्रेम करून द्यायचं.

धाकट्याचं फ्रेमचं दुकान होतं. सगळे त्याला फ्रेमवालाच म्हणायचे. काचा, लाकडी पट्ट्या, माउंटचा जाड कागद, बारीक खिळे, आणि सगळ्यावर बसलेला भुसा. दादाची मानपत्रं त्याच्याच हातून भिंतीवर गेली होती. काचेखाली एखादा केस नाहीतर भुशाचा कण अडकलाय का, हे बघायला त्याला प्रत्येक ओळीवरून बोटभर अंतरावरून नजर फिरवावी लागे. त्यामुळे दादाचं कौतुक त्याच्याइतकं बारकाईने कोणीच वाचलं नव्हतं. 'जीवनाचा तळ गाठणारी लेखणी' असं एकात होतं. फ्रेमवाला खिळा ठोकता ठोकता मनात म्हणे, ह्याने बादलीचा तळ घासला नाही कधी, जीवनाचा काय गाठतोय.

तर दादाची नवी कादंबरी एका जागी अडून बसली होती. तिचा नायक बुडता बुडता वाचतो आणि मग आयुष्यभर त्या भीतीतून बाहेर येत नाही, अशी सगळी गोष्ट. म्हणजे बुडण्याचं प्रकरण पडलं की पुस्तकच पडलं. दादाने ते प्रकरण एका रविवारी घरच्यांना वाचून दाखवलं. नेहमीप्रमाणे उभं राहून, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. 'जलराशीच्या त्या निर्दय, अथांग मिठीत त्याचा आक्रोश दशदिशांना भेदत गेला, मृत्यूने आपले काळे पंख पसरले आणि बालपणापासूनचा अवघा जीवनपट त्याच्या नेत्रांपुढून सरकू लागला.' असं तीन-चार पानं. वहिनी डोळे पुसत होती, पण ती त्याच्या प्रत्येक पानाला डोळे पुसायची, त्यावरून काही कळायचं नाही.

फ्रेमवाल्याने शांतपणे विचारलं, "दादा, हा माणूस बुडतोय की सभेत बोलतोय?"

दादाने पुढचे काही दिवस त्याच्याशी अबोला धरला. पण संपादकबाईंशी अबोला धरून चालणार नव्हतं. त्यांनी प्रकरण परत पाठवलं आणि फोनवर स्वच्छ सांगितलं, की नाकातोंडात पाणी जाणारा माणूस एवढा बोलत नाही. हे असंच राहणार असेल तर पुस्तक त्यांना नको.

आता दुसऱ्या एखाद्याने मान खाली घालून पुन्हा लिहिलं असतं. दादाने जाहीर केलं की अनुभव घ्यावा लागेल. दादाचे अनुभव घरात सगळ्यांना पाठ होते. उपासमारीवर लिहायचं होतं तेव्हा तो दुपारपर्यंत जेवला नव्हता, आणि दुपारी इतका जेवला की वहिनीला पुन्हा स्वयंपाक करावा लागला. तुरुंगावर लिहायचं होतं तेव्हा त्याने स्वतःला अडगळीच्या खोलीत कोंडून घेतलं होतं. आधी तिथे पंखा बसवून घेतला. बसवला कोणी? धाकट्यानेच.

बुडायलाही धाकटाच लागणार होता, कारण घरात पोहता येणारा तो एकटा. दादाला लहानपणी सर्दी व्हायची म्हणून आईने त्याला कधी पाण्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. धाकट्याला सर्दी झाली तर ते कोणाच्या लक्षातही यायचं नाही, त्यामुळे तो आपोआप पोहायला शिकला.

तलाव सार्वजनिक होता. पायऱ्यांच्या फरशा तुटलेल्या, क्लोरिनचा वास कपडे बदलायच्या खोलीतच नाकात बसायचा तो घरी गेल्यावरही जायचा नाही. तिथल्या जीवरक्षकाला सगळे 'शिट्टी' म्हणायचे, कारण तो बोलण्याऐवजी शिट्टी मारायचा. एकदा वाजवली की पळू नका, दोनदा वाजवली की बाहेर या. दादाने त्याला बाजूला घेऊन आपली योजना समजावून सांगितली. शिट्टीने तोंडातली शिट्टी काढली.

"साहेब, इथे लोक न बुडायला शिकायला येतात," तो म्हणाला.

दादा हसला. सामान्य माणसाशी बोलताना त्याचं एक खास हसू होतं, ते. मग त्याने शिट्टीला आणि धाकट्याला नियम घालून दिला. मी ओरडलो, तडफडलो, काहीही केलं तरी कोणी मध्ये पडायचं नाही. मध्ये पडलात की अनुभवाचा धागा तुटतो. अगदीच नकोसं झालं तर मी हात वर करीन.

"हात वर केला की बाहेर काढ," तो धाकट्याला म्हणाला. "त्याच्या आधी नाही."

पहिले काही दिवस नुसता तमाशा होता. दादा खोल बाजूला कठडा धरून उतरायचा, नाक धरून डोकं बुडवायचा आणि लगेच वर येऊन म्हणायचा, "केवढी भयाण शांतता!" मग धाकट्याने काठावरच्या बाकावरून उठायचं, त्याला टॉवेल द्यायचा, चष्मा द्यायचा, आणि फोन त्याच्या तोंडापुढे धरायचा. फोनमध्ये दादा ती भयाण शांतता अर्धा तास बोलून ठेवायचा. एकदा त्याने एक हात कठड्यावर ठेवून "वाचवा, वाचवा" असा काही टाहो फोडला, की उथळ बाजूला शिकणाऱ्या बायका दोरीला धरून गोठल्या. शिट्टी पळत आला. दादाने त्याला हातानेच 'काही नाही, चालू दे' अशी खूण केली. बायकांपैकी एकीने टाळ्या वाजवल्या. दादा दिवसभर खुशीत होता.

फ्रेमवाला दुकान बंद ठेवून हे बघत होता. एका शाळेच्या गटफोटोंची मोठी ऑर्डर अंगावर होती. दादाला ते माहीत होतं, आणि दादाच्या हिशेबी काच कापणं कोणीही, कधीही करू शकत होतं.

मग तो दिवस आला. शिकणाऱ्या बायका येऊन गेल्या होत्या. शिट्टी मागच्या खोलीत क्लोरिनचा डबा उघडायला गेला होता, तो झाकणाशी झटत होता, ते ठोकल्याचा आवाज येत होता. दादा पाण्यात कठड्याला धरून म्हणाला, "आज सोडून बघतो."

"सोड," धाकटा म्हणाला. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर चष्मा, डोळ्यांवर झापड.

दादाने कठडा सोडला. पायाने भिंतीला जरा रेटा दिला असावा, कारण तो हातभर लांब गेला. आणि मग काहीच झालं नाही. म्हणजे धाकट्याला दिसलं ते हे, की दादा पाण्यात उभा असल्यासारखा उभा आहे. डोकं मागे टाकलेलं. केस कपाळावर चिकटलेले. तोंड पाण्याच्या पातळीला आलं की उघडायचं, मग पाणी त्याच्यावरून जायचं, मग पुन्हा तोंड. हात दोन्ही बाजूंना, पाण्याखाली, खाली दाबल्यासारखे. हात वर नाही. ओरडणं नाही. धाकट्याला वाटलं, आज बरं करतोय. संपादकबाईंचं ऐकलेलं दिसतंय.

आणि त्याला जांभई आली. मोठी, जबडा कटकन वाजवणारी, डोळ्यांत पाणी आणणारी जांभई. ती त्याने पुरी दिली. तोंड मिटलं आणि पुन्हा दादाकडे बघितलं. दादाही त्याच्याकडेच बघत होता. ते डोळे काही वेगळे होते. हे नाटक नाही, असं त्याला तेव्हा कळलं की नाही? कळलं. आणि कळल्यावर मनात दुसरंच आलं. खाऊ दे. जरा खाऊ दे पाणी. नाकातोंडात गेल्याशिवाय ह्याला काही कळायचं नाही. आणि तो बसून राहिला. फार वेळ नाही. पण बसून राहिला.

मग त्याच्या लक्षात आलं, की दादा गप्प आहे. दादा झोपेत बोलायचा. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनही बोलायचा. बापाच्या अंत्ययात्रेत सगळ्या वाटेने बोलत गेला होता. तो माणूस इतका वेळ गप्प. चष्मा कुठे गेला, टॉवेल कुठे गेला, त्याने चपलांसकट उडी मारली.

दादा त्याच्या अंगावर चढला. भावावर चढतो तसा नाही, जिन्यावर चढतो तसा. गुडघा पोटात, नखं मानेत, टाच मांडीवर. धाकटा खाली गेला, पाणी प्यायला, त्याने दादाच्या काखेत हात घालून त्याला कठड्याकडे रेटलं. वरून शिट्टीचा हात आला. दादाला फरशीवर पालथा घातल्यावर त्याच्या तोंडातून इतकं पाणी निघालं, की पोटात एवढं मावतं कसं असं वाटावं. ओठ निळसर पडले होते. तो एक अक्षर बोलला नाही. रिक्षातही नाही, घरीही नाही.

घरी सगळं सांगितलं ते धाकट्याने. लक्षात आलं आणि उडी मारली, असं म्हणाला. ह्यात खोटं काहीच नव्हतं. लक्षात येणं आणि उडी मारणं ह्यांच्या मधलं तेवढं गाळलं होतं.

वहिनी रडली. ह्या वेळी समोर कोणी पान वाचत नव्हतं, त्यामुळे ते रडणं जरा कुरूप होतं, नाक गळणारं, हुंदके अडकणारं. "भावजी, तुम्ही होतात म्हणून," एवढंच ती म्हणत राहिली. पुतणीने त्याच्या मानेवरच्या ओरखड्यांना मलम लावलं. मग वहिनीने ते शेजारी सांगितलं, बहिणीला सांगितलं, संपादकबाईंना सांगितलं. दुकानात येणारी गिऱ्हाइकं विचारू लागली, "भावाला वाचवलंत म्हणे?" फ्रेमवाला मान हलवायचा. मान हलवायला काय लागतं. ज्या माणसाने दादाच्या एकेका मानपत्राला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्याच्या गळ्यात आता घराने हार घातला होता, आणि तो हार काढून ठेवायची त्याची छाती होत नव्हती. उलट दोन-तीनदा तर त्याने आपणहून ओरखडे दाखवले.

दादा मात्र बदलला होता. लिहायला बसायचा, पण दार उघडं ठेवायचा. भांड्यांचा आवाज झाला तर काही म्हणायचा नाही. वाचून दाखवणं बंद. वहिनीला ह्याचीच काळजी वाटू लागली. धाकट्याला वेगळी काळजी होती. पाण्यातले ते डोळे त्याच्याकडे बघत होते हे त्याला माहीत होतं. पण चष्मा नव्हता, डोळ्यांत पाणी होतं, चष्म्याशिवाय दादाला स्वतःचा हात दिसत नाही, असं तो स्वतःला समजवायचा. शिवाय दादा दादाच आहे. काळे पंख येतील, जीवनपट सरकेल, दशदिशा भेदल्या जातील. त्यात बाकावर बसलेल्या माणसाला जागा कुठली? फार तर एखादा देवदूतासारखा भाऊ येईल. त्याची तो मनातल्या मनात आधीच टर उडवून ठेवत होता.

एका दुपारी दादा दुकानात आला. हातात पानं होती. स्टुलावरच्या पट्ट्या बाजूला करून बसला आणि पानं पुढे केली.

"वाच," म्हणाला.

स्वतः वाचत नव्हता. वाच म्हणत होता. फ्रेमवाल्याने हात फडक्याला पुसले, पानं काच कापायच्या टेबलावर ठेवली आणि वाकला, केस शोधायला वाकतो तसा.

'कठडा हाताएवढा लांब होता. हात तिथे पोचेना. ओरडायला श्वास लागतो. तोंड वर आलं की मी श्वास घ्यायचो, ओरडायचं सुचेपर्यंत तोंड खाली. हात वर करायचं ठरलं होतं. पण हात पाणी दाबत होते. ते सोडलं असतं तर मी खाली गेलो असतो, आणि हात माझं ऐकतही नव्हते. ते घाबरले होते. मी नंतर घाबरलो.

'काठावर एक माणूस होता. त्याच्या मांडीवर माझा टॉवेल होता. मी वर आलो, तो होता. खाली गेलो, वर आलो, तो होता. मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. तरी त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. मला वाटलं, तो हाक मारतोय. तोंड उघडंच राहिलं, सावकाश मोठं झालं, सावकाश मिटलं. ती जांभई होती.

'तोवर मी बुडत होतो. तेव्हा मरायला लागलो. त्या माणसाची दुपार चालू होती आणि ती माझ्यानंतरही चालू राहणार होती. मला पाण्याची भीती वाटली नाही. त्या दुपारची वाटली.

'त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.'

फ्रेमवाल्याच्या नाकात क्लोरिनचा वास आला. दुकानात क्लोरिन नव्हतं. त्याने पान पुन्हा वरपासून वाचलं, एकेक ओळ, कुठे काही अडकलंय का बघत. पंख नव्हते. दशदिशा नव्हत्या. ह्या माणसाने जन्मभर खोटं लिहिलं आणि लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं, आणि आता एकदाच खरं लिहिलं तर त्यात आपली दाढ दिसावी, ह्याचा त्याला इतका संताप आला, की पान चुरगाळायला हात पुढे झाला. मग त्याला केस सापडला. शेवटच्या ओळीत.

लक्ष नव्हतं म्हणे. दादा आजवर जे जे खोटं बोलला ते स्वतःसाठी बोलला होता. हे एकच दुसऱ्यासाठी. आणि हे तसंच राहिलं, तर सगळं सुरळीत होतं. लक्ष नव्हतं, मग लक्षात आलं, मग उडी मारली. वहिनीला सांगितलेलं आणि हे, दोन्ही जुळत होतं.

"बाई काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"त्यांना दिलं नाही अजून. आधी तुला." दादा खाली बघत होता, पट्ट्यांच्या तुकड्यांकडे. "तू नको म्हणालास तर जांभई काढतो. काठावर कोणी नव्हतंच असं करतो."

"आणि मग काय उरतं?"

"काही नाही उरत."

फ्रेमवाल्याने कानावरची पेन्सिल उगाच चाचपली. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"ही शेवटची ओळ खोटी आहे," तो म्हणाला.

"कुठली?"

"लक्ष नव्हतं, ही. लक्ष होतं माझं. बघत होतो तुझ्याकडे."

दादा त्याला वाट काढून दिल्यासारखं म्हणाला, "मी नाटक करतोय असं वाटलं असेल तुला. आधीचे दिवस मी केलंच होतं."

"आधी वाटलं. जांभईपर्यंत वाटलं."

"आणि नंतर?"

"नंतर कळलं." आता तोंडातून निघालेलं परत घेण्यात अर्थ नव्हता. "कळलं, आणि म्हटलं, खाऊ दे जरा पाणी."

दादाने मान वर केली. तेच डोळे होते. आता ह्याने काय करावं? उठून थोबाडीत द्यावी. रडावं. वहिनीला फोन लावावा. मानेवरचे ओरखडे भरत आले होते, ते पुन्हा काढावेत. ह्यातलं काहीही केलं असतं तर फ्रेमवाल्याने ते निमूट सोसलं असतं, आणि कदाचित त्याला बरंही वाटलं असतं.

दादाने खिशातून पेन काढलं.

पान आपल्याकडे ओढलं, शेवटची ओळ खोडली आणि भुशातच कोपर टेकून लिहू लागला. सख्ख्या भावाने तोंडावर सांगितलं की तुला मरताना बघत होतो, आणि हा माणूस तोंडाने पुटपुटत शब्द जुळवत होता. नालायक, फ्रेमवाल्याच्या मनात आलं. दोघांपैकी कोण, ते त्याने ठरवलं नाही.

पेनात भुसा गेला होता. दादाने ते झटकलं, कागदावर गिरवलं, पुन्हा झटकलं. उमटेना. त्याने मान वर न करता नुसता हात वर केला.

फ्रेमवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, ब्लेडने टोक केलं आणि त्या हातात दिली.